घरच्या घरी संगीत, पण कान सांभाळून!

गेल्या महिन्यातली गोष्ट. हार्मोनियमचे वर्ग घेणारे एक गृहस्थ आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याच्या कानात रात्री रातकिडे वाजतात म्हणतो. घरात आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नाही."

मुलगा कीबोर्ड छान वाजवतो. गावातल्या भजनी मंडळांची गाणी घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून देतो. दिवसा घरात वर्दळ, शिकवण्या, समोर रस्ता. म्हणून रात्री दहाला हेडफोन चढवायचा आणि एक-दीडपर्यंत काम करायचे, असा वर्षभराचा शिरस्ता. हेडफोन कोणता, असे विचारले तेव्हा त्याने पिशवीतून काढून दाखवला. हलका, कानावर नुसता टेकणारा, खोक्यावर 'जादा बास' असे ठळक छापलेला.

कानाचे पडदे दोन्ही बाजूंनी उत्तम होते. मात्र श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्‌झच्या जागी दोन्ही कानांत खळगा दिसला. मोठ्या आवाजाने कानाला इजा होते तेव्हा असाच खळगा दिसतो. वडिलांनी काळजीने विचारले, "मग हेडफोन बंदच करायला सांगू का?"

मी नको म्हणालो. हेडफोन बंद केला तर मुलाचे संगीत बंद होईल. हेडफोन नीट निवडायचा आणि आवाज आवरायचा, हा त्यावरचा उपाय आहे. हल्ली घरोघरी अशी मुले आहेत, म्हणून आजचा लेख याच विषयावर.

कान बिघडतो कसा?

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. शेतातले पीक वाऱ्याने वाकते आणि पुन्हा उभे राहते, तसेच हे आहे. पण वादळ रोजच आले तर ताटे मोडून पडतात. मोडलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यांना परत आणणारे औषध आजही उपलब्ध नाही.

नुकसान सुरू होते ते उंच स्वरांपासून. त्यामुळे माणसाला सुरुवातीला काहीच कळत नाही, बोलणे व्यवस्थित ऐकू येते. पण संगीत करणाऱ्याचे नुकसान आधीच सुरू झालेले असते. ज्याचा कान उंच स्वरांना मंद झाला, तो ध्वनिमुद्रणात नेमके तेच स्वर चढवतो. त्याला ते बरोबर वाटते आणि देवळातल्या कर्ण्यावर टाळ इतरांच्या कानाला टोचतात! म्हणजे कान गेला की कलाही जाते.

आवाज किती, वेळ किती?

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ढोल-ताशाच्या पथकात आवाज सहज १०० च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा अशी : ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास. यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ ला जेमतेम अडीच तास. हे तास दिवसाचे नाहीत, आठवड्याचे आहेत. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे.

गंमत अशी की तीन डेसिबलची वाढ कानाला किंचितच जाणवते, पण तेवढ्यात ध्वनीची शक्ती दुप्पट झालेली असते. बटण जरासेच फिरवले असे आपण म्हणतो, कानाच्या दृष्टीने ते जरासे नसते. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील शंभर कोटींहून अधिक तरुण अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत.

मोठा आवाज गोड का वाटतो?

आवाज वाढवला की गाणे भरदार वाटते, हा सर्वांचा अनुभव आहे. याचे कारण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले. हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते वर येतात. म्हणून डग्ग्याचा घुमारा ऐकू यावा यासाठी हात आपोआप बटणाकडे जातो. रात्र चढते तसा कान थकतो आणि बटण आणखी पुढे सरकते. आमच्या रुग्णाचे नेमके हेच झाले होते.

यावरून हेडफोन निवडण्याचा एकच मोठा नियम निघतो. ज्या हेडफोनमध्ये कमी आवाजातही सारे स्पष्ट ऐकू येते, तो चांगला. बाकीचे सगळे मुद्दे या एका नियमातून येतात.

निवड करताना

१) पाठ बंद की उघडी? हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. एकात वाटीची पाठ पूर्ण बंद असते, त्याला क्लोज्ड-बॅक म्हणतात. दुसऱ्यात पाठीला जाळी असते, तो ओपन-बॅक. जाळीच्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो आणि कान तापत नाहीत. शांत खोलीत गाण्याची अखेरची जुळवाजुळव करायला तो उत्तम. पण बाहेरचा गोंगाट त्यातून आत येतो आणि आतला तानपुरा बाहेर सांडून माईकमध्ये शिरतो. आपली घरे रस्त्याला लागून, पंखा डोक्यावर, शेजारचा टीव्ही कानावर. अशा घरात एकच हेडफोन घ्यायचा असेल, तर बंद पाठीचा आणि कानाला पूर्ण वेढणारा घ्यावा. बाहेरचा आवाज अडला की आतला वाढवावा लागत नाही.

२) 'जादा बास'च्या मोहात पडू नये. असा हेडफोन खर्ज फुगवून दाखवतो. तुम्हाला वाटते डग्गा पुरेसा आहे, म्हणून तुम्ही तो कमी करता आणि दुसऱ्याच्या घरी तेच गाणे पोकळ वाजते. शिवाय फुगलेल्या खर्जाखाली गायकाचे शब्द दबतात, ते ऐकण्यासाठी पुन्हा आवाज वाढवावा लागतो. ध्वनिमुद्रणासाठी 'स्टुडिओ मॉनिटर' या नावाने मिळणारे हेडफोन पाहावेत. खोक्यावरच्या '५ ते ४०,००० हर्ट्‌झ' अशा आकड्यांना भुलू नये. निरोगी तरुण कानालाही साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झच ऐकू येतात.

३) वायर हवीच. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. गाणी ऐकताना हे कळत नाही. पण पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा आला तर ताल कसा धरणार? वायर लांब असावी, शक्य तर काढता-घालता येणारी असावी. हेडफोन बहुधा वायरपाशीच तुटतो.

४) ओहमचा आकडा बघा. खोक्यावर ३२, ८०, २५० ओहम असे लिहिलेले असते. मोबाईल किंवा साध्या ऑडिओ इंटरफेसला लावायचा असेल तर ८० ओहमच्या आतला घ्यावा. २५० ओहमचा हेडफोन छोट्या यंत्रावर मंद वाजतो; वेगळ्या ॲम्प्लिफायरचा खर्च मागे लागतो. कमी ओहमचा हेडफोन मात्र मोबाईलवरही घातक मोठा वाजू शकतो, हे विसरू नये.

५) गादी आणि वजन. डोक्यावर तीन-चार तास बसणारी वस्तू आहे ही. अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि मऊ गादी असावी. चष्मा असल्यास तो घालूनच दुकानात बघावे. काडीमुळे फट राहिली तर आवाज गळतो आणि बटण पुढे जाते. गाद्या सुट्या मिळतात का, हे आधीच विचारावे.

उदाहरणादाखल दोन नावे सांगतो. ही जाहिरात नव्हे. ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटीएच-एम२०एक्स हा बंद पाठीचा, ४७ ओहमचा, नवशिक्यांसाठीचा हेडफोन आहे. वायर तीन मीटर लांब, पण कायमची जोडलेली. एकेजी कंपनीचा के२४० स्टुडिओ हा अर्धवट उघड्या पाठीचा, ५५ ओहमचा. त्याची वायर काढता येते. शांत खोली असेल त्यानेच दुसऱ्याचा विचार करावा. याच जातीचे इतर कंपन्यांचे स्वस्त हेडफोनही मिळतात. किंमत वाढते तसा फायदा त्याच प्रमाणात वाढत नाही. पहिल्या हेडफोनसाठी कर्ज काढू नये.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी? आपल्या पूर्ण ओळखीचे एक गाणे सोबत न्यावे. दुकानदार आवाज मोठा करून ऐकवेल, तो आपण कमी करायला सांगावा. तबल्याची चाट, डग्गा, गायकाचा श्वास आणि शब्द हे सारे हळू आवाजातही वेगवेगळे कळले, तर हेडफोन पास.

वापरताना

दिवसातल्या शांत वेळी, कान ताजे असताना बोलण्याइतका आवाज ठेवून बघा आणि बटणाच्या त्या जागेवर एक टिकली लावा. रात्री कितीही मोह झाला तरी टिकलीच्या पुढे जायचे नाही. मोबाईलवर काम असेल तर टक्क्यांचा आकडा लिहून ठेवा.

हेडफोन जोडताना आवाज शून्यावर असावा, मगच कानाला लावावा. एकदम आलेला 'ठाप्' आवाजही इजा करतो. दर पाऊण तासाने दहा मिनिटे हेडफोन उतरवून अंगणात फिरून यावे. जुळवाजुळवीचा बराच भाग उघड्या स्पीकरवर, दिवसा, हळू आवाजात करावा. गाताना एका कानावरूनच हेडफोन लावण्याची काहींना सवय असते. एका कानाने ऐकताना आवाज जास्त लागतो, याचे भान ठेवावे.

आणखी एक घरगुती गोष्ट. पावसाळ्यात दमट हवेत गाद्यांवर घाम साचतो आणि कानात बुरशी धरते. गाद्या कोरड्या फडक्याने रोज पुसाव्यात. एकमेकांचे हेडफोन वापरू नयेत. कानात खुपसण्याच्या इयरफोनने मळ आत ढकलला जातो. कान वाहत असेल तर तो मुळीच वापरू नये. आणि कानात तेल, काडी, पिन घालण्याचा उद्योग कोणीही करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काम संपल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणे किंवा शिटी वाजणे, ही पहिली ताकीद आहे. सकाळी ते थांबले म्हणून निर्धास्त राहू नका. ताकीद वारंवार मिळू लागली, गर्दीत शब्द नीट कळेनासे झाले, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागला, तर श्रवणचाचणी करून घ्या. ती वेदनारहित असते, थोड्या वेळात होते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर श्रवण परत येण्याची शक्यता जास्त असते.

त्या मुलाने पंधरा दिवस कानांना पूर्ण विश्रांती दिली. नंतर बंद पाठीचा साधा हेडफोन घेतला, बटणावर आईची टिकली लावली आणि रात्री अकराला काम थांबवू लागला. रातकिडे कमी झाले आहेत, पण पूर्ण गेलेले नाहीत. कदाचित जाणारही नाहीत. आलेखातला खळगाही भरून येणार नाही. तो आहे तेवढाच राहावा, यासाठी आता सारी खटपट आहे.

तंबोऱ्याची तार तुटली तर नवी लावता येते, पेटीचा सूर बिघडला तर दुरुस्त करता येतो. कानाचे तसे नाही. तेव्हा घरात कोणी रात्री हेडफोन लावून बसत असेल, तर आज त्याला हा लेख वाचायला द्या आणि एक टिकलीही द्या.