कपाटांचं दशक

भोसरीतला काकांचा गाळा गेल्या महिन्यात रिकामा झाला. शिअरिंग मशीन, फोल्डिंग मशीन, स्पॉट वेल्डर, सगळं भंगाराच्या भावात किलोवर गेलं. मला ते लागलं. त्याहून लागलं ते एका परिचिताचं वाक्य: ‘संरक्षणात वाढलेले उद्योग, स्पर्धेत टिकणार कसे?’

काका आणि त्यांचे भागीदार अण्णा, दोघंही कामगार. काका टूलरूममधले, अण्णा पेंटशॉपमधले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी नोकऱ्या सोडून गाळा घेतला. पहिली वर्षं जॉबवर्कची होती. ब्रॅकेट, मशीनची कव्हरं. सांगण्यासारखं फार नाही.

मग लोखंडी कपाटं आली आणि ऐंशीचं दशक त्यांचं झालं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. कॉलेज सुटलं की चलनं लिहायला मी तिथेच असे. लग्नसराईच्या आधी गाळ्यात उभं राहायला जागा नसे. मुलीला आरशाचं कपाट द्यायचं म्हणून आईवडील स्वतः रंग निवडायला येत. पत्रा मिळवणं हेच मोठं काम होतं. लघुउद्योग विकास महामंडळाच्या कोट्यासाठी अर्ज, खेपा, आणि कमी पडेल तो चढ्या भावाने बाजारातून.

आठ बाय चारचा 20 गेजचा पत्रा साधारण 21 किलो भरतो, 22 गेजचा सोळा-सतरा. रंग चढला की गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. चार किलो लोखंड दर पत्र्यामागे खिशात घालणारे आजूबाजूला होतेच. काकांनी ते कधी केलं नाही. दार अंगठ्याने दाबून ते माल पास करत. पत्रा दबला की दार परत. अण्णांचा हट्ट रंगाचा. ग्रीस आणि गंज काढून, फॉस्फेटिंग करून, मधे दर वेळी पाण्याने धुऊन मगच प्रायमर. टाक्यांतली एक पायरी कुणी गाळली, तर ते भट्टीत जाऊ पाहणारं कपाट अडवत. आयटीआयची पोरं तिथे शिकली ती अशी, बोलणी खाऊन. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःचे गाळे टाकले. त्या काळातली कपाटं आमच्या नात्यात अजून वापरात आहेत, बिजागऱ्यासुद्धा मूळच्या.

म्हणून ही माणसं संरक्षणात आळसावली, हे मी ऐकून घेणार नाही. ते संरक्षण म्हणजे फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंची यादी; ती 1967 मध्ये सुरू झाली आणि एप्रिल 2015 मध्ये शेवटच्या वीस वस्तू मोकळ्या केल्या. त्यात स्टीलची कपाटं, खुर्च्या, टेबलं होती. पण त्या यादीने गिऱ्हाईक कधी आणून दिलं नाही. शेजारच्या गाळ्याशी स्पर्धा रोजचीच होती.

नव्वदनंतरचं थोडक्यात सांगतो. पार्टिकल बोर्ड आला, बिल्डर भिंतीतच कपाटं देऊ लागले, आरशाचं कपाट लग्नाच्या यादीतून गेलं. हे मी समजू शकतो; आवड बदलते. दोघांनी ऑफिसच्या फायलींची कपाटं करून धंदा सावरलाही.

त्यांना मोडलं ते एका सरकारी कार्यालयाच्या थकलेल्या बिलाने. माल पोचला, सही झाली, पैसे काही वर्षं आले नाहीत. बँकेचं व्याज थांबलं नाही. 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर चक्रवाढ व्याज भरा, असा 2006 चा कायदा होता. अण्णा तक्रार करू म्हणत. काका म्हणत, ‘मग पुढची ऑर्डर कोण देईल?’ पैसे आले तेव्हा अण्णा नव्हते, आणि एकट्या काकांना पुन्हा कर्ज काढण्याची उमेद नव्हती.

आता 1 एप्रिल 2024 पासून नियम आणखी कडक झाला आहे. छोट्या कारखानदाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात दाखवता येत नाही. खासगी कंपन्यांना हा चिमटा बसेल, बसावाच. पण जे कार्यालय प्राप्तिकर भरतच नाही, त्याला तो कसा बसणार? भोसरीत अजून भागीदारांच्या अशा कित्येक जोड्या माल पोचवून बिलाची वाट पाहत आहेत. त्यांना स्पर्धेवरचं व्याख्यान नको, झालेल्या कामाचे पैसे हवेत.