कोरी तबकडी

मानपाड्यात पहाटे पाखरांच्या आधी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मालमोटारी जाग्या होतात. त्या गोंगाटात एके सकाळी संगणकाशेजारून 'टक्... टक्...' ऐकू आले. वाटले, भिंतीवर पाल चुकचुकते आहे. पण चुकचुकत होती ती आमची हार्ड डिस्क!

ही डिस्क म्हणजे आमच्या घराचा माळा. मुलीच्या बारशापासूनचे फोटो तिच्यात. आणि आईने जात्यावर म्हटलेल्या १४ ओव्या. २०१४ साली गावी गेलो असता मी त्या मोबाईलवर टिपल्या होत्या. पुढे फोन बदलले, प्रत एवढीच उरली. आई आता नाही.

डिस्क तरी काय, जातेच की! आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारे 'हेड' त्यांना न शिवता, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढ्या अंतरावरून तरंगते. त्याला वाट सापडेनाशी झाली की ते मूळ जागी परतून पुन्हा प्रयत्न करते. तीच ती टकटक. १९५६ साली आय.बी.एम.ने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा ५० तबकड्यांचे ते कपाटाएवढे धूड जेमतेम ५० लाख अक्षरे सांभाळी. आमची डिस्क खिशात मावे, म्हणून तिची कुणी कदर केली नाही.

"अहो, वॉरंटी असेल ना?" ही म्हणाली.

होती! तीन वर्षांची, आणि संपायला १९ दिवस उरले होते. बिल कुकरच्या कागदांत सापडले. (कागद हिने ठेवला होता, म्हणूनच सापडला.)

सेवा केंद्रातला तरुण मोठा अदबशीर. "काका, नवी बदलून मिळेल."

"आणि आतले?"

"ते आमच्याकडे नसते, काका. जुनी जमा करायची. बाहेर कुणाकडून उघडलीत तर वॉरंटी गेली."

कंपनीने टाळाटाळ केली तर ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर गाऱ्हाणे घालता येते. पण मी कसले घालणार? कबूल केलेले सारे ती द्यायला तयार होती!

रात्री भाचा आला. "मामा, आधी ती सारखी चालू-बंद करणे थांबवा. वाचता येईल ते अगोदर उचलू, अडेल ते मागे ठेवू. पहिल्यांदा काय हवे ते सांगा."

मी मुलीकडे पाहिले. तिचे अख्खे बालपण त्यात होते. तेवढ्यात ही म्हणाली, "आधी सासूबाई." मुलीने मान डोलावली.

दोन वाजेपर्यंत ११ ओव्या निघाल्या. मग टकटकही थांबली. फोटो गेले ते गेलेच.

तीन आठवड्यांनी बदली डिस्क आली, कोरी करकरीत. ओव्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. राहिलेल्या तिन्हींसाठी मावशीला फोन केला. तिने दोन गुणगुणून दाखवल्या. तिसरीचे नाव काढताच थांबली.

"ती नाही रे मला येत. ती तुझ्या आईने स्वतः जुळवलेली."