मधुमेही डोळ्यांचा जागतिक बाजार : महाग इंजेक्शन आणि स्वस्त तपासणी

आमच्या दुकानाचे रफूचे काम एक चाचा वर्षानुवर्षे करीत असत. शेरवानीला पडलेले भोक ते असे भरीत की गिऱ्हाईकाला जागा बोटाने दाखवावी लागे. एके दिवशी त्यांनी काळ्या कापडात गडद निळा धागा भरून आणला. वय झाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून आम्ही चष्मा बदलून दिला. काही महिन्यांनी मोठ्या इस्पितळात दाखवले तेव्हा कळले की साखरेच्या आजाराने दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. साखर बारा वर्षांपासून होती, पण पडदा एकदाही कोणी तपासला नव्हता. चाचा म्हणाले, "शेठ, डोळा दुखतच नव्हता, मग दाखवायचा कशाला?"

पुढे इंजेक्शनांचा खर्च सुरू झाला, तेव्हा या मालाचा बाजार जगात कसा चालतो हे समजून घ्यावेसे वाटले. जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहे.

आजार आणि गिऱ्हाईक

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात आणि पाझरू लागतात. पाझरलेले पाणी पडद्याच्या मध्यभागी साचले की तेथे सूज येऊन नजर धूसर होते. काही रुग्णांत नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून रक्त सांडते, पडदा ओढला जातो आणि अंधत्व येते. सुरुवातीला ना दुखते, ना नजर कमी होते. म्हणून रुग्ण उशिरा येतो.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात ५८ कोटी ९० लाख प्रौढ मधुमेही होते. २०५० पर्यंत हा आकडा ८५ कोटींवर जाईल. आपल्या देशात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने १० कोटींहून अधिक मधुमेही सांगितले. पडद्याचा आजार जडलेल्यांची जगातील संख्या २०२० साली सुमारे १० कोटी ३० लाख धरली गेली. त्यांपैकी नजर जाण्याचा धोका असलेले २ कोटी ८५ लाख होते. इतके मोठे गिऱ्हाईक असेल तर कंपन्या येणारच.

एकाच कामाचे तीन भाव

पूर्वी यावर मुख्य इलाज लेसरचा होता. तो आजही उपयोगी आहे. पण मध्यभागाच्या सुजेवर २०१२ पासून इंजेक्शनांचा जमाना आला. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे आणि त्यांना पाझरायला लावणारे एक प्रथिन शरीरात असते, त्याला ही इंजेक्शने दाबतात. ती थेट डोळ्यात द्यावी लागतात, आणि एकदा देऊन भागत नाही.

यात तीन नावे प्रमुख आहेत : ल्युसेंटिस, आयलिया आणि अवास्टिन. अवास्टिन मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ साली अमेरिकेत मंजूर झाले. पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या बाटलीतून छोटे डोस काढून डोळ्यात देऊन पाहिले आणि गुण आला. २०१५ साली अमेरिकेत सरकारी पैशाने तिन्ही औषधांची समोरासमोर परीक्षा झाली. ज्यांची नजर थोडीच कमी झाली होती त्यांच्यात तिन्हींचा गुण जवळपास सारखा ठरला. नजर जास्त गेलेल्यांत पहिल्या वर्षी आयलिया सरस ठरले.

आता भाव पाहा. त्या वेळी अमेरिकेत एका डोसला आयलिया सुमारे १,८५० डॉलर, ल्युसेंटिस १,१७० डॉलर आणि अवास्टिन सुमारे ६० डॉलर असा दर होता. पहिल्या वर्षात एका डोळ्याला नऊ-दहा डोस लागत. म्हणजे एकाकडे सोळा हजार डॉलरच्या वर आणि दुसरीकडे सहाशे!

असे असून महाग माल खपतो कसा? एक कारण दलालीसारखे आहे. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत डॉक्टर औषध आपल्या पैशाने आणून ठेवतो, आणि नियमाप्रमाणे सरासरी विक्री-किमतीवर त्याला ६ टक्के जादा मिळतात. साठ डॉलरवर सहा टक्के म्हणजे साडेतीन डॉलर. साडेअठराशेवर एकशे अकरा. दुसरे कारण खरेही आहे : अवास्टिनची मोठी बाटली फोडून छोटे डोस करताना स्वच्छता पाळली नाही तर डोळ्यात जंतू जाऊन डोळा गमावण्याचा धोका असतो.

तिसरे कारण इटलीत उघड झाले. ल्युसेंटिस आणि अवास्टिन ही दोन्ही रोशच्या मालकीच्या जेनेन्टेक कंपनीची औषधे. अमेरिकेबाहेर ल्युसेंटिस नोव्हार्टिस विकते. स्वस्त औषधाविषयी भीती पसरवून महाग औषध खपवल्याच्या आरोपावरून इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१४ साली या दोन कंपन्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला. २०१९ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने तो कायम ठेवला.

घाऊक खरेदीदाराची ताकद इंग्लंडमध्ये दिसली. तेथील सरकारी संस्थेने २०११ साली मधुमेही सुजेसाठी ल्युसेंटिस नाकारले, कारण गुणाच्या मानाने भाव जास्त. कंपनीने सूट दिली, तेव्हा २०१३ साली होकार मिळाला. एकट्या गिऱ्हाईकाला ही घासाघीस जमत नाही.

भाव खाली आणणारी आणखी एक गोष्ट म्हणजे त्याच जातीचा दुसऱ्या कारखान्याचा माल. ल्युसेंटिसचा जगातील पहिला असा पर्याय २०१५ साली आपल्याच देशात अहमदाबादच्या इंटास कंपनीने बाजारात आणला, मूळ मालापेक्षा कमी किमतीत. बंगळूरच्या बायोकॉनच्या आयलियासारख्या औषधाला २०२४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. मोठ्या कंपन्या आता जास्त दिवस टिकणाऱ्या औषधांकडे वळल्या आहेत. २०२२ साली आलेल्या रोशच्या वाबिस्मोत काही रुग्णांना चार महिन्यांनी एक डोस पुरतो.

या बाजाराच्या उलाढालीचे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. आयलियाची नुसत्या अमेरिकेतील विक्री २०२२ साली ६ अब्ज डॉलरच्या वर होती, पण हीच औषधे म्हातारपणी होणाऱ्या पडद्याच्या दुसऱ्या आजारालाही लागतात. सारी रक्कम मधुमेहाच्या खात्यात मांडता येत नाही.

तपासणीचा बाजार

इंजेक्शनांच्या मानाने तपासणीचा धंदा लहान आहे, पण खरी बचत तेथेच आहे. इंग्लंडने २००३ पासून बारा वर्षांवरील प्रत्येक मधुमेह्याच्या पडद्याचे फोटो दरवर्षी मोफत काढण्याची योजना सुरू केली. २००९-१० च्या नोंदींत दिसले की कमावत्या वयात अंधत्व आणणाऱ्या कारणांत मधुमेह पन्नास वर्षांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आला. २०२३ पासून ज्यांचे फोटो लागोपाठ स्वच्छ येतात त्यांना तेथे दोन वर्षांनी बोलावू लागले आहेत.

अडचण ही की फोटो तपासायला तज्ज्ञ कमी पडतात. त्यावर संगणकाचा उपाय निघाला. डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला अमेरिकेने २०१८ साली मंजुरी दिली. त्याच वर्षी मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या बंगळुरी कॅमेऱ्याने दोनशेहून अधिक रुग्णांची तपासणी झाली. फोटो आरोग्य कर्मचाऱ्यांनी काढले आणि निकाल इंटरनेटशिवाय मोबाइलवरच मिळाला. पुढे पाठवण्याजोगा एकही रुग्ण यंत्राच्या नजरेतून सुटला नाही, मात्र काही निरोगी लोकांनाही त्याने आजारी ठरवले. म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरचाच.

आपला हिशेब

जरीकाम, कशिदा, रफू, शिलाई, घड्याळ-दुरुस्ती या धंद्यांत नजर हेच भांडवल. प्रौढपणी साखर निघाली की त्याच वेळी पडद्याची तपासणी करावी, आणि मग दरवर्षी. चष्म्याच्या दुकानातील नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टर पडदा पाहतात. काही तास जवळचे धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी बारीक काम ठेवू नये. साखरेइतकाच रक्तदाबही सांभाळावा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवल्याने पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले होते. इंजेक्शनची वेळ आलीच तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे की माझ्या डोळ्याला स्वस्त पर्याय चालेल का आणि एकूण किती डोस लागतील.

मालक मंडळींना एक विनंती. आपल्याकडे काम करणाऱ्या ज्या कारागिरांना साखर आहे त्यांची यादी करावी, आणि वर्षातून एक दिवस भरपगारी सुट्टी देऊन त्यांना सरकारी किंवा धर्मादाय नेत्र-रुग्णालयात पाठवावे. आमच्या चाचांचा एक डोळा इलाजाने सावरला आहे. ते आता बटणे लावतात, रफू मात्र सुटले. आमच्या दुकानाची यादी तयार झाली आहे, तीत सात नावे आहेत.