टायर उन्हाळ्याचा, परीक्षा पावसाची

मे महिन्याचा पहिला आठवडा. परीक्षा संपल्या होत्या, बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर बाबांनी गाडीची किल्ली दिली होती आणि आम्ही पाच जण पुण्याहून ताम्हिणी घाटातून दिवेआगरला निघालो होतो. पौड यायच्या आतच मागचा टायर बसला.

रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या काकांनी चाक खोललं, खिळा काढला, पंक्चर काढलं. पण चाक परत बसवायच्या आधी त्यांनी टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि विचारलं, "ताई, घाट उतरणार? पाच जण?" मी हो म्हटलं. "मग आधी हे बघा."

तिथं चार आकडे होते. १४१७. म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. मी आठवीची परीक्षा देत होते तेव्हाचा! गाडी फक्त रविवारी बाहेर निघते, त्यामुळे नक्षी बऱ्यापैकी शाबूत होती. पण कडेला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हानं तडकलेल्या जमिनीसारख्या. बाकीच्या तिघांची गतही तीच. "टायर झिजून मरतो तसा म्हातारा होऊनपण मरतो," काका म्हणाले.

आम्ही हळूहळू गाडी चालवत घरी परतलो. ग्रुपवर पुढचे दोन दिवस माझ्या नावानं शिमगा चालू होता. पण त्या निमित्तानं मी आयुष्यात पहिल्यांदा टायर 'निवडायला' गेले. उद्या तुमच्याही हातात घरच्या गाडीची किल्ली येणार आहे, म्हणून हे तुम्हाला सांगतेय.

आपला टायर मुळात उन्हाळीच

युरोपात थंडीचा आणि उन्हाळ्याचा टायर वेगळा असतो. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. म्हणून तिकडे हिवाळ्यात मऊ रबराचे टायर चढवतात. आपल्याकडे बर्फाळ प्रदेश सोडला तर पारा तेवढा खाली फार काळ कुठे राहतो? त्यामुळे आपल्या दुकानांत मिळणारे बहुतेक टायर उन्हाळी जातीचेच असतात. तापलेल्या डांबरावर लिबलिबीत न होणारं रबर आणि पाणी बाहेर फेकायला रुंद खाचा, ही त्यांची ओळख.

गंमत अशी, की आपण टायरचा विचार करतो तो एप्रिल-मेमध्ये, ट्रिपच्या आधी. आणि त्याची खरी परीक्षा होते जूनमध्ये. पहिला पाऊस पडला की रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो. उन्हाळ्यात घेतलेला टायर महिन्याभरात त्या थरावर उभा असतो. म्हणून उन्हाळ्यात घ्या, पण पावसासाठी निवडा.

तिघांची ओढाताण

दुकानात तीन शब्द सारखे कानावर पडतात. ग्रिप म्हणजे रस्त्यावरची पकड. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, ते त्यावर ठरतं. हँडलिंग म्हणजे स्टिअरिंग वळवल्यावर गाडी किती पटकन आणि नेमकी ऐकते. आणि कम्फर्ट म्हणजे खड्डे किती जाणवतात, टायरचा आवाज किती येतो.

हे तिघं एकाच वेळी पूर्ण खूश होत नाहीत. मऊ रबर रस्त्याला छान धरतं, पण लवकर झिजतं. कड ताठ असेल तर वळणावर गाडी चाबूक चालते, पण प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. कड मऊ आणि उंच असेल तर मागच्या सीटवरची आजी शांत झोपते, पण वळणावर गाडी थोडी डोलते. आणि या सगळ्यात चौथा पाहुणा असतो, 'लाइफ'. दुकानदार पहिल्यांदा त्याचंच नाव घेतो.

आमच्याकडे वाद तिथेच झाला. दुकानदारानं आधी मला विचारलं, "वडील नाही आले?" वडील मागेच उभे होते. मग त्यानं त्यांना ५० हजार किलोमीटर चालणारा टायर दाखवला. बाबांचे डोळे चमकले. मी म्हटलं, "बाबा, आपली गाडी वर्षाला चालते ५ हजार. ५० हजार व्हायला १० वर्षं लागतील. तोवर हा पण म्हातारा झालेला असेल." बाबा गप्प. दुकानदारही गप्प.

हिशेब साधा आहे. गाडी कमी चालत असेल तर जास्त 'लाइफ'साठी पकड सोडून देण्यात काहीच अर्थ नाही. उलट रोज ८०-१०० किलोमीटर जाणाऱ्याला टिकाऊपणा बघावाच लागतो. आधी आपल्या गाडीचा दिनक्रम लिहून काढा: किती चालते, कुठे चालते, किती माणसं बसतात. टायर त्यातून ठरतो, जाहिरातीतून नाही.

कडेवर सगळं लिहिलेलं असतं

आमच्या गाडीचा टायर १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, इथे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा वजनाचा आकडा. एक टायर ५६० किलो पेलू शकतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत टिकण्याची क्षमता. एवढ्या वेगानं जायचं नाहीये, पण समृद्धी महामार्गासारख्या ताशी १२० च्या रस्त्यावर, भर उन्हात, पाच माणसं आणि सामान घेऊन जाताना हाताशी काहीतरी शिल्लक असावं लागतं. वजनाचा किंवा वेगाचा दर्जा कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली आणू नका.

बऱ्याच टायरवर आणखी तीन शब्द सापडतील. ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. ट्रॅक्शनला एए, ए, बी, सी असे दर्जे असतात. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड त्यातून कळते. टेम्परेचर म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद. तिला ए, बी, सी. म्हणजे आपला उन्हाळा आणि आपला पाऊस, दोन्ही कडेवर छापलेले असतात. आम्ही कोरड्या रस्त्यावरची थोडी मजा सोडली, ट्रॅक्शन आणि टेम्परेचर दोन्हीत ए असलेला, मध्यम 'लाइफ'चा टूरिंग टायर घेतला.

मोठ्या रिमचा मोह

माझ्या मामेभावाचा सल्ला होता, "१६ इंची घे, गाडी काय दिसेल!" दिसेल, यात वाद नाही. १९५/५५ आर १६ घेतला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. हँडलिंग सुधारतं. पण कडेची उंची १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. रबर आणि हवेची ही गादीच खड्ड्याचा मार खाते. ती पातळ झाली की मार रिमला आणि तुम्हाला बसतो. तुमचा रोजचा रस्ता कसा आहे ते आठवा आणि मग ठरवा.

हवा: फुकटातला सर्वात मोठा फरक

उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो, हे तुम्हीही ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं. प्रत्यक्षात उलटं आहे. हवा कमी असली की कड जास्त दबते, प्रत्येक फेरीला वाकते, आतून तापते. वेग, वजन आणि मे महिन्याचं डांबर यात भर घालतात, आणि टायर फुटतो. गाडी चालल्यावर प्रेशर ४-५ पीएसआयनं वाढतं, ते कंपनीनं धरलेलंच असतं. म्हणून गरम टायरमधली हवा सोडू नका. सकाळी, गाडी फार चाललेली नसताना मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. गाडी भरलेली असेल तर त्याचा आकडा वेगळा दिलेला असतो. ट्रिपला निघताना आपण नेमका तोच बघत नाही.

आम्ही नवे टायर घातल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेच पाच जण पुन्हा ताम्हिणीला गेलो. धुकं, पाऊस, आणि एका वळणावर अचानक रस्त्यात म्हशी. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही."

येताना पौडला थांबून काकांना नवे टायर दाखवले. त्यांनी आधी कडेवरचे चार आकडे बघितले, मग मान डोलावली. चहाचे पैसे मात्र त्यांनी घेऊ दिले नाहीत.

दुकानात जाण्याआधी

• चार आकडे बघा. नवा टायरही वर्षानुवर्षं गोदामात पडलेला असू शकतो. ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या.

• खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा संपली. पावसासाठी ३ मिलिमीटरलाच बदलायचा विचार करा. खाच उथळ झाली की पाणी बाहेर जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते.

• दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी सावरता येते; मागची सुटली तर ती गरकन फिरते.

• नवे टायर बसवताना अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. पहिले काही दिवस जपून चालवा.

• आणि स्टेपनीतली हवा. शेवटची कधी बघितली होती?