लातूरची गंजगोलाई

लातुरास नव्यानें आलेल्या पाहुण्यास वाट सांगतांना तेथील मंडळींच्या तोंडून पहिलें नांव निघतें तें गोलाईचें. सराफाचें दुकान असो वा वैद्यांचा दवाखाना, अंतर मोजावयाचें तें तेथूनच. असें असून या वास्तूचा इतिहास मात्र सुशिक्षित घरांतूनहि फारसा ठाऊक नसतो.

‘गंज’ हा शब्द फारसी. मूळ अर्थ खजिना वा सांठा. त्यावरून धान्याची पेठ. निजामी अमलांत व्यापारी पेठांस हें नांव सर्रास मिळे. राष्ट्रकूट राजे ज्या लत्तलूरचे स्वामी म्हणून अभिमानानें बिरुद मिरवीत, तें हें लातूर त्या अमलांत एक तालुक्याचें गांव होतें. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ येथवर येऊन पोंचला. ही गाडी चालण्यांत मंद खरी, पण तूर, गूळ, मिरची व गळिताचीं धान्यें यांस तिनें बाहेरचा बाजार दाखविला. पुढें सहाच वर्षांनीं, १९१७ सालीं, गोलाईची दुमजली इमारत उभी राहिली. या दोन सालांचा संबंध आम्हांस केवळ योगायोग वाटत नाहीं.

आंखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मध्यें वर्तुळाकार वास्तु आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते! पॅरिसच्या सुप्रसिद्ध कमानीपाशीं बाराच रस्ते एकत्र येतात. दिल्लीच्या ज्या कॅनॉट प्लेसचें आपण कौतुक करतों, त्याचें काम सुरू झालें १९२९ मध्यें, म्हणजे लातूरच्या गोलाईनंतर बारा वर्षांनीं. या रचनेंत सोय अशी कीं, कोणत्याहि दिशेनें आलेला शेतकरी चुकला तरी मध्यावर येऊन पोंचतोच. रस्त्यारस्त्यांवर दागिने, पादत्राणें, मिरची-गूळ असे निरनिराळे बाजार वसले. लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेल्या कुटुंबास एका फेरींत सारें उरकावें, याहून अधिक काय हवें?

आणि मध्यभागीं मंदिर आहे जगदंबेचें. निजामाच्या राज्यांत फैयाजुद्दीन यांनीं आंखलेल्या वर्तुळाच्या केंद्रांत आज अंबाबाईची आरती होते, यांत लातूरकरांस कांहीं विशेष वाटत नाहीं. हेंच आम्हांस विशेष वाटतें.

१९४८ सालीं निजामी राजवट संपली, १९८२ सालीं लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें सारा मुलूख हादरला. गोलाई उभीच आहे. तिला खरा त्रास आहे तो गर्दीचा. दुचाक्या, रिक्षा व हातगाड्या यांनीं वर्तुळ इतकें भरून जातें कीं, वृद्ध माणसास रस्ता ओलांडणें जिकिरीचें होतें. रस्ते रुंद करा, अशी सूचना अशा वेळीं कोणीतरी करतोच. परंतु सोळा रस्ते जेथें एका वर्तुळास भिडतात, तेथें रुंदी वाढवावयाची म्हणजे दुकानांच्या कडा कापावयाच्या, आणि कडा गेल्या कीं गोलाईची गोलाई गेली. त्यापेक्षां बाजाराच्या वेळीं वाहनेंच बाहेर थांबवावींत, हें आमचें स्पष्ट मत आहे. व्यापारी मंडळी प्रथम कुरकुरतील; पण पायीं चालणारें गिऱ्हाईकच दुकानाच्या पायरीशीं थांबतें, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक?

तोंवर एक काम घरबसल्या होण्यासारखें आहे. पेठेंतील जुन्या घराण्यांच्या माळ्यावर त्या काळच्या चोपड्या, भाडेपावत्या, एखादें छायाचित्र अजून असेल. दिवाळीच्या साफसफाईंत तीं रद्दींत जाण्यापूर्वीं घरांतील एखाद्या शिकत्या मुलानें वा मुलीनें आजोबांजवळ बसून त्यांची टिपणें करून ठेवावींत.