जुन्नर : गोधनाचे एक प्राचीन ठाणे

जुन्नरच्या प्राचीन इतिहासाचा विचार करताना घाट, जकात आणि कोकणची बंदरे यांकडेच अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. ते स्वाभाविक आहे. सोपारा-कल्याणकडून देशावर येणारी नाणेघाटाची वाट जुन्नरलाच येऊन मिळते. परंतु त्याच घाटातील लेण्यात सातवाहनांचा जो मुख्य लेख आहे, त्याच्या उपलब्ध भागात व्यापाराचा उल्लेख नाही. त्यात पुनःपुन्हा येतात त्या गाई.

इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानला जाणारा हा लेख बहुतेक अभ्यासक राणी नागनिकेचा समजतात. १८८३ मध्ये ब्यूलर याने त्याचे संपादन केले. त्यात श्रौत यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा यांची यादी आहे. अग्न्याधेयास १२ गाई व १ घोडा. अन्यत्र १,७०० गाई व १० हत्ती. एका ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे. गवामयनास १,१०१ गाई. (या वर्षभर चालणाऱ्या सत्राच्या नावातच गाई आहेत, हे गमतीचे खरे!) याखेरीज कार्षापणांच्या मोठ्या रकमा आणि गावाचे दानही नोंदलेले आहे.

हे आकडे खरे मानावयाचे काय? नाशिकच्या लेखात उषवदाताने तीन लक्ष गाई दिल्याचे म्हटले आहे. तो आकडा प्रशस्तीचा आहे, हे उघड दिसते. नाणेघाटाच्या लेखाची धाटणी मात्र निराळी आहे. बारा गाईंची लहानशी दक्षिणाही तेथे तितक्याच काळजीने लिहिली आहे. यज्ञविधीत सहस्रादी संख्या ठरलेल्या असतात, हे मान्य करूनही हा लेख स्तुतिपाठापेक्षा हिशेबाच्या वहीला जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तो हिशेब असेल, तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही : ही जनावरे राहत कोठे? एका गाईस दिवसाला पाच किलो कोरडा चारा धरला, तरी ११,००० गाईंना रोज ५५ टन चारा लागेल. एवढे गोधन एका गावी बांधून ठेवणे शक्य नाही. ते लहान लहान खिल्लारांत वाटलेले असले पाहिजे, आणि त्यांची गोठणे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, पसरलेली असणे संभवते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडे काही कोसांवरच पाऊस बेताचा. अशा प्रदेशात ऋतुमानाप्रमाणे कळप हलवावे लागतात. आणि हलत्या कळपांची मोजदाद ठेवण्यास एक स्थिर ठाणे लागते. त्या दृष्टीने जुन्नरची जागा सोयीची आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुन्नरसारख्या लेणीस्थळांचा संबंध पशुपालकांच्या जुन्या वाटांशी जोडला होता. त्या विवेचनास हे पूरक ठरते.

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील नंतरच्या लेखांत मात्र दाने निवर्तनांत मोजलेल्या शेतांची व झाडांची आहेत. यावरून गोधनाचे महत्त्व ओसरून शेती पुढे आली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. दान घेणारा बदलला की दानाची वस्तूही बदलते. उषवदाताने ब्राह्मणांना गाई दिल्या व भिक्षुसंघाला शेत दिले.

निर्णय जमिनीतूनच व्हावयाचा आहे. गुरे दीर्घकाळ बसलेल्या जागी मातीतील स्फुरदाचे प्रमाण वाढलेले असते व शेणाचे सूक्ष्म अवशेषही टिकू शकतात. अशा चाचण्या घोड व कुकडीच्या वरच्या खोऱ्यांत लवकर व्हावयास पाहिजेत. डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले आहे, माणिकडोहच्या पाण्याखाली कुकडीकाठचा बराच भाग गेला आहे. नदीलगतची सपाट जमीन, जेथे गोठणे असण्याचा संभव अधिक, तीच प्रथम पाण्याखाली गेली. उरलेल्या भागात उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हाच काठांची पाहणी करता येईल.