गोपीनाथरावांचं ॲव्हरेज किती?

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसातली हवा कशी बदलते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वर्षभर राबराब राबलेल्याच्या फॉर्मवर 'समाधानकारक' आणि बॉसच्या केबिनमध्ये चहा पिणाऱ्याच्या फॉर्मवर 'उत्कृष्ट'! मग कॅन्टीनमध्ये वाद सुरू. आकडे खरे की माणूस खरा? ही चर्चा करताना आपण सगळे न ठरवता एकाच भाषेत बोलायला लागतो, ती म्हणजे क्रिकेटची. कोणाचं ॲव्हरेज बरं, कोणाचा स्ट्राइक रेट भारी, कोण नुसताच नॉट आऊट राहतो...

तर म्हटलं, हीच फूटपट्टी एखाद्या नेत्याला लावून बघू. नेता असा हवा की गावच्या मैदानावर खेळायला लागून थेट दिल्लीच्या टीममध्ये गेलाय. बीड जिल्ह्यात असं एकच नाव चटकन तोंडात येतं : गोपीनाथ मुंडे.

आधी स्कोअरकार्ड. जन्म १२ डिसेंबर १९४९, परळी तालुक्यातलं नाथ्रा हे गाव. अंबाजोगाईच्या कॉलेजात प्रमोद महाजनांशी दोस्ती आणि तिथून राजकारण. १९८० मध्ये रेणापूर मतदारसंघातून आमदार. १९८५ मध्ये त्रिफळा. मग १९९०, १९९५, १९९९ आणि २००४, असे सलग चार विजय. १९९५ ते १९९९ उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. २००९ मध्ये बीडचे खासदार, लोकसभेत पक्षाचे उपनेते. २०१४ मध्ये पुन्हा खासदार आणि २६ मे रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ. ३ जूनला दिल्लीत रस्ता अपघातात गेले. मंत्रिपदाचा तो नववा दिवस होता.

दिल्लीतली इनिंग म्हणजे नऊ दिवस! यावर कोणी 'राष्ट्रीय नेता म्हणून पास' किंवा 'नापास' असा शिक्का मारत असेल तर त्याला स्कोअररच्या टेबलावरून उठवलेलं बरं. एवढ्या सँपलवर तर आपला एचआरसुद्धा कुणाला कन्फर्म करत नाही.

नॉट आऊटची गंमत

क्रिकेटमधलं ॲव्हरेज म्हणजे धावा भागिले किती वेळा आऊट झालात. म्हणजे नॉट आऊट राहिलं की धावा जमेत येतात, पण भाजक वाढत नाही. ब्रॅडमनला शेवटच्या डावात चार धावा मिळाल्या असत्या तर शंभरचं ॲव्हरेज झालं असतं, शून्यावर गेला म्हणून ९९.९४ वर अडकला. एवढ्याशा फरकावर जगभर पुस्तकं लिहिली गेली.

बीडच्या राजकारणातला ब्रॅडमनछाप आकडा म्हणजे ६ लाख ९६ हजार ३२१. गोपीनाथरावांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा त्यांची मुलगी डॉ. प्रीतम मुंडे एवढ्या मताधिक्यानं निवडून आल्या. तोवरचा देशातला विक्रम! आजही बीडमध्ये मुंडेंची ताकद सांगताना हा आकडा पहिल्यांदा समोर ठेवला जातो.

पण जरा स्कोअरकार्ड नीट वाचा ना. गोपीनाथराव स्वतः उभे होते तेव्हा मताधिक्य किती होतं? २००९ मध्ये १ लाख ४१ हजारांच्या आसपास, २०१४ मध्ये १ लाख ३६ हजार. चांगलेच आहेत हे आकडे, पण सात लाख कुठे आणि हे कुठे! फरक पडला तो दोन गोष्टींमुळे. एक, लोकांच्या डोळ्यातलं पाणी. दुसरी, राष्ट्रवादीनं त्या पोटनिवडणुकीत उमेदवारच दिला नाही. जिल्ह्यातली दुसरी तगडी टीम मैदानात उतरलीच नव्हती.

यावरून १९४८ ची पुण्यातली मॅच आठवते. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नॉट आऊट, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी, आणि काठियावाडची टीम सामना सोडून घरी गेली. प्रतिस्पर्धी निघून गेला म्हणून निंबाळकरांचा विक्रम हुकला. बीडमध्ये उलटं झालं. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून विक्रम झाला!

(आणि विक्रमांचं काय घेऊन बसलात! २०२४ मध्ये इंदूरला भाजपचा उमेदवार ११ लाख ७५ हजारांनी जिंकला. काँग्रेसच्या उमेदवारानं आधीच अर्ज मागे घेतलेला, दुसऱ्या नंबरवर 'नोटा'. असो.)

७७८ मतांची गोष्ट

आता याच्या पुढचा आकडा, जो मला जास्त आवडतो. २०१९ मध्ये प्रीतम मुंडेंना मतं मिळाली ६ लाख ७८ हजार १७५. राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे १ लाख ६८ हजारांनी हरले. २०२४ मध्ये त्यांच्या जागी मोठ्या बहिणीला, पंकजा मुंडेंना तिकीट मिळालं. त्यांची मतं ६ लाख ७७ हजार ३९७. म्हणजे बहिणीपेक्षा फक्त ७७८ कमी! तरीही त्या ६ हजार ५५३ मतांनी हरल्या, त्याच सोनवणेंकडून. सोनवणेंची मतं दरम्यान पावणेदोन लाखांनी वाढली होती.

स्वतः गोपीनाथराव २०१४ मध्ये जिंकले ते ६ लाख ३६ हजार मतांवर. म्हणजे वडिलांपेक्षा चाळीस हजार मतं जास्त घेऊन मुलगी हरली. वनडेत तीनशे करूनही हरतात तसंच हे. समोरच्यानं तीनशे सात केले, तर तुमचं शतक पेपरात चौथ्या परिच्छेदात. २०२४ चं पिचही वेगळं होतं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं बीडमध्ये मराठा आणि ओबीसी अशी उभी फूट पडली होती. चुलतभाऊ धनंजय मुंडे, ज्यांनी २०१९ ला परळीत पंकजाताईंना विधानसभेत हरवलं, ते यावेळी त्यांच्याच बाजूनं बॅट घेऊन उभे होते. तरी निकाल हाच.

तेव्हा मताधिक्य हे नेत्याच्या कामाचं माप धरणं म्हणजे टॉस जिंकल्याचे मार्क देण्यासारखं आहे. त्यात थोडं कौशल्य असतं, बरंचसं हवामान असतं.

पार्टनरशिप

मग गोपीनाथरावांना मोजायचं कशानं? माझ्या मते पार्टनरशिपनं. हा रकाना मतमोजणीच्या तक्त्यात नसतो, पण खरा खेळ तिथंच होता.

भाजपनं १९८० मध्ये महाराष्ट्रात १४ आमदार आणले, १९८५ मध्ये १६. शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून टिंगल व्हायची ते दिवस. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी असं 'माधव'चं गणित मांडलं, आणि ते गणित गावोगाव फिरून सोडवणारा खेळाडू म्हणजे मुंडे. १९९० मध्ये ४२ आमदार, १९९५ मध्ये ६५, आणि शिवसेनेच्या ७३ सोबत राज्यात युतीचं सरकार. शिवसेनेशी युती टिकवणं हे काही सोपं काम नव्हतं. समोर बाळासाहेब ठाकरे, इकडे महाजन-मुंडे. नॉन-स्ट्रायकर एंडला उभं राहून दुसऱ्याला फटके मारू देण्याची कला लागते त्याला.

हेच त्यांनी मरणाआधी पुन्हा एकदा करून दाखवलं. रामदास आठवले, राजू शेट्टी, महादेव जानकर या एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या मंडळींना एका महायुतीत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१४ ला महायुतीनं राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा घेतल्या. जानकर तर बारामतीत सुप्रिया सुळेंना घाम फोडून सत्तरेक हजारांनी हरले. या धावा कुणाच्या खात्यात लिहायच्या? मोदी लाटेच्या हे खरंच, पण पार्टनरशिप बांधणाऱ्यालाही काही तरी द्याल ना!

अपील जोरात, विकेट नाही

बॉलिंगचा हिशेब मात्र तितका चांगला नाही. विरोधी पक्षनेता म्हणून त्यांची अपिलं अशी जोरदार असायची की अंपायरनं दचकावं. १९९४ ची संघर्ष यात्रा, शरद पवारांवरचे आरोप, एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवू, दाऊदला फरफटत आणू... महाराष्ट्रानं ते सगळं ऐकलं, आवडून घेतलं आणि १९९५ मध्ये सत्ता दिली.

मग काय झालं? एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची फेरतपासणी करणाऱ्या समितीचे प्रमुख मुंडेच. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पुढच्या जानेवारीत, फेरवाटाघाटी होऊन, तोच प्रकल्प परत आला. दाऊद काही आला नाही. गृहमंत्री म्हणून मुंबईच्या टोळ्यांवर पोलिसांना मोकळीक दिली गेली, एन्काउंटरचा तो काळ. काहींना तो अजून सोनेरी वाटतो, मला नाही वाटत. विनाखटला माणूस मारणं याला विकेट म्हणत नाहीत.

आणि २०१३ चं ते प्रकरण? मुंबईतल्या एका कार्यक्रमात ते बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख! निवडणूक आयोगाची नोटीस आली. स्वतःच्या बॅटला चेंडू लागला हे स्वतःच सांगणारा असा बॅट्समन राजकारणात दुसरा आठवत नाही, हेही तितकंच खरं.

खऱ्या क्रिकेटमध्ये काय झालं?

गंमत म्हणजे गोपीनाथराव खरोखरीच्या क्रिकेटमध्येही उतरले होते. ऑक्टोबर २०१३, मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची निवडणूक, समोर शरद पवार. मराठवाड्याच्या माणसाला ती खुर्ची अशक्य होती असं नाही. दोनच वर्षांपूर्वी त्यांचे जुने मित्र, लातूरचे विलासराव देशमुख, ११६ कसोटी खेळलेल्या दिलीप वेंगसरकरांना हरवून तिथं बसले होते. पण मुंडेंचा अर्ज बाद झाला. कारण? तुम्ही मुंबईचे कायमचे रहिवासी नाही. राज्याचा माजी गृहमंत्री, आणि मुंबईचा नाही! प्रकरण कोर्टात गेलं, पवार बिनविरोध अध्यक्ष झाले. पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसलेल्या बॅट्समनची इनिंग कुठे मोजत नाहीत.

तीस वर्षांनी आलेली एक धाव

काही धावा तर खेळाडू गेल्यावर बोर्डावर चढतात. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेचं उदाहरण घ्या. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून होती, बीड शहराला नव्हती. मार्ग मंजूर झाला १९९५ च्या सुमारास. मुंडेंनी त्यासाठी आयुष्यभर पाठपुरावा केला, म्हणून त्यांचं स्वप्न म्हणून ती ओळखली जाते. नगर ते आष्टी गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला. बीडमध्ये पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्ती दिनी. तोवर नगरचं अहिल्यानगर झालं होतं, प्रकल्पाचा खर्च ४,८०० कोटींवर गेला होता, आणि बीड ते परळी हा तुकडा त्या दिवशीही बाकीच होता. पिढीच्या पिढी लग्न होऊन, नोकरीला पुण्याला एसटीनं जाऊन, तिथंच फ्लॅट घेऊन मोकळी झाली. तुमच्या ऑफिसात बीडचं कोणी असेल तर विचारून बघा.

कोयता

पण बीडहून बाहेर पडणारे सगळेच फ्लॅट घेत नाहीत. दसरा-दिवाळी उरकली की जिल्ह्यातून लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची, एक दिवस खाडा झाला की दंड. मुंडेंचं नेतृत्व खरं उभं राहिलं ते या माणसांच्या जिवावर. भगवानगडाच्या दसरा मेळाव्याला जी गर्दी जमायची, त्यातली कितीतरी माणसं तिथून घरी जाऊन कोयत्याला धार लावायची.

साखर संघासमोर मजुरांच्या बाजूनं बसून टनाचा दर वाढवून घ्यायचा, हे काम गोपीनाथरावांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांच्यानंतर पंकजाताईंनी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं ३४ टक्के वाढ दिली. या धावा खऱ्या आहेत, मजुराच्या हातात पडलेल्या आहेत. त्या नाकारणाऱ्यानं एकदा उसाच्या फडात उभं राहून बघावं.

आता दुसरा आकडा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचं सर्वेक्षण आलं. ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पाळीच्या दिवसात काम बुडतं, खाडा पडतो, फडात ना संडास ना पाणी, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. कित्येकींची मुलं झाली की तिशीच्या आत ऑपरेशन.

गोपीनाथरावांनी हे होऊ दिलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सत्तेत ते सलग होतेही नाहीत. पण टनाच्या दराची लढाई ज्यांनी इतक्या जिद्दीनं लढली, त्यांच्या अजेंड्यावर फडातल्या बाईचं शरीर कधी वर आलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं. पवारांच्या नव्हतं, विलासरावांच्या नव्हतं, साखर कारखान्यांच्या एकाही चेअरमनच्या नव्हतं. सगळी टीम मिळून हा कॅच सुटलेला आहे.

समितीनंतर बीडमध्ये खासगी डॉक्टरांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ऊसतोड कामगारांसाठीचं महामंडळ वर्षानुवर्षं कागदावर होतं, ते धनंजय मुंडे सामाजिक न्यायमंत्री असताना मार्गी लागलं. कारखान्यानं टनामागे १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, असा हिशेब ठरला. महामंडळाला नाव दिलंय गोपीनाथ मुंडे यांचं.